हिरवा पट्टा पिवळा होण्याआधी

वाचकांचे प्रश्न : शेतजमीन, बिनशेती आणि भूसंपादन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेल्या पत्रांत काळजी एकच आहे. शिवार डोळ्यांसमोर तुकड्यातुकड्याने जातंय, आणि कुठे अर्ज करायचा हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते. खालची उत्तरं कर्नाटकातल्या कायद्यांना धरून आहेत. ज्यांची जमीन सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लज भागात आहे त्यांनी ती तशीच लावू नयेत. तिथे महाराष्ट्राचा महसूल कायदा आणि कूळ कायदा चालतो.

प्रश्न : आमची तीन एकर भाताची जमीन येळ्ळूरच्या शिवारात आहे. भातानंतर मसूर आणि वाटाणा होतो. मधल्याच चार एकरांवर एका डेव्हलपरने खरेदी केली आहे आणि "हा सगळा पट्टा आता पिवळा होणार" असं तो सांगत फिरतो. पिवळा म्हणजे काय? आम्ही आत्ता काय करायचं?

उत्तर : पिवळा हा नगरनियोजनाच्या नकाशातला रंग आहे. बृहत् आराखड्यात (शहराच्या मास्टर प्लॅनमध्ये) निवासी वापर पिवळ्या रंगाने, व्यापारी निळ्याने, औद्योगिक जांभळ्याने आणि शेती हिरव्याने दाखवतात. डेव्हलपर खोटं बोलतोय की खरं, हे त्याच्या तोंडून ठरवू नका. बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, तुमच्या सर्व्हे नंबरचा जमीनवापर दाखला मागा. अर्जात गावाचं नाव पुरत नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि चालू पहाणी उतारा (सातबाऱ्यासारखा शेताचा उतारा) जोडा. शेजारच्या चार एकरांच्या सर्व्हे नंबरचाही दाखला त्याच वेळी मागा.

शेतजमिनीला कायद्याची दोन कुलपं असतात. पहिलं कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ चं कलम ९५. शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि लोकहिताला बाधा येत असेल तर ते ती नाकारू शकतात. दुसरं कुलूप कर्नाटक नगर व ग्रामनियोजन कायदा, १९६१ चं. नियोजन क्षेत्रातला प्रत्येक जमीनवापर आराखड्याशी जुळला पाहिजे, असं त्याचं कलम १४ सांगतं.

आता नेमकी अडचण ऐका. आराखड्यात जमीन एकदा निवासी ठरली, की कलम ९५ चं कुलूप जवळजवळ आपोआप उघडतं. वापर आराखड्याशी जुळतो म्हणून परवानगी दिल्यासारखीच धरली जाते, अर्जदाराने शुल्क भरायचं तेवढं उरतं. म्हणून जेसीबी बांधावर आल्यावर जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसून फारसं काही हाती लागत नाही. जमिनीचा निकाल त्याच्या कितीतरी आधी, नकाशा रंगवताना लागलेला असतो. शिवारातल्या माणसांनी पहिली नजर तिथे ठेवायला हवी, आणि नेमकी तिथेच ती नसते. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

रंग दोन वाटांनी बदलतो. आराखड्याचा फेरआढावा साधारण दहा वर्षांनी होतो. तेव्हा सरकारने तात्पुरता मंजूर केलेला नकाशा प्रसिद्ध होतो आणि लोकांना लेखी म्हणणं मांडायला ६० दिवस मिळतात. दुसरी वाट कलम १४-अ ची, म्हणजे एखाद्याच तुकड्याचा वापर बदलण्याची. त्यासाठी प्राधिकरणाला वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि ती बहुधा कन्नड दैनिकात येते. आपल्याकडे घरोघरी मराठी पेपर येतो, त्यामुळे ही चार ओळींची सूचना नजरेतून सुटते. गावातल्या कन्नड वाचणाऱ्या दोघा-तिघांनी रोज सूचनांचं पान बघायचं असं ठरवून घ्या. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ यांचं शिवार एकमेकांना लागून आहे, तेव्हा गावांनी मिळून हे केलं तर सोपं.

हरकतीत काय लिहायचं? "आम्ही शेतकरी आहोत, जमीन देणार नाही" एवढ्यावर अधिकाऱ्याला निर्णय देता येत नाही. प्रत्येक सर्व्हे नंबराला क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहा. खरिपात काय, रब्बीत काय, पाणी कुठून येतं, नैसर्गिक नाला कोणत्या बाजूने जातो ते लिहा. बळ्ळारी नाल्याकाठची शेतं पावसाळ्यात नाल्याच्या फुगीचं पाणी धरून ठेवतात. तिथे भराव पडला की ते पाणी शेजारच्या शेतात किंवा खालच्या वस्तीत शिरणार. हा मुद्दा नियोजनाचा आहे आणि तो फोटोंनी दाखवता येतो. निवासी वापरासाठी जवळपास माळाची, नापीक जमीन असेल तर तिचे सर्व्हे नंबरही सुचवा.

पुरावा मात्र आधीपासून गोळा करावा लागतो. पहाणी उताऱ्याच्या रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, ११ मध्ये बोजा आणि १२ मध्ये पीक असतं. बहुतेकांचा रकाना १२ कच्चा असतो. शेतात मसूर उभा आणि उताऱ्यावर फक्त भात, किंवा त्याहून वाईट म्हणजे "पड". असा उतारा पुढे आला की "तिबारपिकी जमीन" हा तुमचा शब्द नुसता शब्दच राहतो. राज्याच्या पीक सर्वेक्षण ॲपवर शेतकऱ्याला स्वतः फोटोसह नोंद करता येते. खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी प्रत्येक हंगामाची नोंद वेगळी करा. पीक उभं असतानाच करा, सुगी झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

हरकत प्रत्येक खातेदाराने वेगळी द्यावी. शंभर सह्यांचं एकच निवेदन बऱ्याचदा एकच हरकत म्हणून मोजलं जातं. हरकत ज्याच्या नावाने मागवली आहे त्याच कार्यालयात द्या. आमदार-खासदारांना दिलेली प्रत ही फक्त प्रत असते. आपल्या कागदावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

शेजारच्या चार एकरांबद्दल शेवटचं. तिथे बिनशेतीचा आदेश झालाय का, हे माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कचेरीतून विचारा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून सर्व्हे नंबर आणि "आदेशाची व अर्जासोबतच्या नकाशाची प्रत" एवढंच मागा. आदेश झाला असेल आणि त्याने तुमचं नुकसान होत असेल तर कर्नाटक अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुदत ६० दिवस, त्यामुळे माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत आधीच वकिलाशी बोलून ठेवा.

प्रश्न : कडोली रस्त्याला शेजाऱ्याने बटाट्याच्या शेतात मुरूम टाकून दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले आहेत. बिनशेती नाही. प्लॉट बाँडवर विकतोय आणि "पंचायतीचा अकरा-बी मिळतो" असं सांगतो. आमच्या शेतातलं पाणी अडलंय.

उत्तर : इथे दोन तक्रारी आहेत, त्या एकाच अर्जात मिसळू नका.

पहिली बेकायदा वापराची. परवानगीशिवाय वापर बदलला तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ९६ खाली कारवाई होते, त्यात दंड आहे आणि जमिनीवरून काढण्याचाही अधिकार आहे. अर्ज तहसीलदारांना, प्रत जिल्हाधिकारी आणि बुडाला. फोटोत ओळखीची खूण दिसली पाहिजे, झाड, खांब, विहीर काहीही. नुसता मातीचा ढीग कुठलाही असू शकतो. पंचायतीचा नमुना ११-बी म्हणजे बिनशेती नव्हे. तो पंचायतीच्या नोंदवहीचा उतारा आहे, त्याने शेतजमिनीचा वापर कायदेशीर होत नाही. बाँडवरच्या विक्रीने मालकीही जात नाही. शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीपत्रानेच हस्तांतरित होते, आणि मुखत्यारपत्र किंवा कराराच्या कागदाने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केलं आहे. प्लॉट घेणारी माणसंही बहुधा आपल्यासारखीच पै-पै साठवून आलेली असतात. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचवा. गिऱ्हाईक थांबलं की मुरमाच्या गाड्या थांबतात.

दुसरी तक्रार पाण्याची. अडवलेला ओहोळ गावनकाशावर नाला म्हणून असेल तर तो सार्वजनिक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो मोकळा करायचा हुकूम देऊ शकतात. नकाशावर नसेल, पण तुमच्या शेताचं पाणी २० वर्षांहून अधिक काळ तिकडून उघडपणे, विनाअडथळा जात असेल, तर वहिवाटीचा हक्क सांगून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. दोन्हीकडे एकच कागद उपयोगी पडतो, तो म्हणजे भूमापन खात्याच्या गावनकाशाची प्रमाणित प्रत. ती उन्हाळ्यातच काढून ठेवा. भरावाची उंची तुमच्या बांधाच्या माथ्यापासून टेप लावून मोजा आणि ते तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या पावसानंतर पाणी किती दिवस तुंबलं तेही टिपा.

प्रश्न : आमच्या गावाला दोन वर्षांत महामार्गाची आणि उद्योग वसाहतीची अशा दोन नोटिसा आल्या. एकीत २१ दिवस, दुसरीत ३० दिवस. २०१३ च्या कायद्यात ६० दिवस असं ऐकलं होतं. खरं काय?

उत्तर : तिन्ही खरे. जमीन कोणत्या कायद्याने घेतली जात आहे त्यावर दिवस ठरतात, म्हणून नोटिशीची पहिली ओळ सगळ्यांत महत्त्वाची. तिथे कायद्याचं नाव आणि कलम असतं.

राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ असेल तर जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम ३-अ ची अधिसूचना निघते आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. हे दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात. तलाठी नोटीस घेऊन दारात आला त्या दिवसापासून मोजत नाहीत. यात सगळ्यांत जास्त लोक फसतात. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडच्या निमित्ताने आपल्या भागाने ही घाई सोसली आहे. ३-अ नंतर एका वर्षात संपादनाची, म्हणजे ३-ड ची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना बाद होते, तेव्हा दोन्ही तारखा लिहून ठेवा. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ मात्र त्या वर्षात धरत नाहीत.

उद्योग वसाहतीला कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायदा, १९६६ लागतो. कलम २८(१) ची प्राथमिक अधिसूचना, मग मालकाला नोटीस, तिच्यात किमान ३० दिवस. त्यानंतर २८(३) खाली तुमचं म्हणणं ऐकून आदेश व्हावा लागतो. सुनावणीला स्वतः जा आणि जे तोंडी बोललात ते लेखी देऊन पोच घ्या. पुढे न्यायालयात गेलात तर "म्हणणं ऐकूनच घेतलं नाही" किंवा "उत्तर न देता फेटाळलं" हे मुद्दे टिकतात, पण ते कागदावर असले तरच.

बुडाच्या वसाहत योजनेलाही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस असतात. अंतिम घोषणेनंतर पाच वर्षांत योजना बऱ्यापैकी पुरी झाली नाही तर ती रद्द ठरते, अशी १९८७ च्या नगरविकास प्राधिकरण कायद्यात तरतूद आहे. वर्षानुवर्षं लटकलेल्या योजनांखाली ज्यांची शेतं अडकली आहेत त्यांनी हे कलम २७ वकिलाला दाखवावं. मात्र ते आपोआप उताऱ्यावर येत नाही, उच्च न्यायालयाकडून जाहीर करून घ्यावं लागतं.

२०१३ चा भूसंपादन कायदा लागू असेल तर हरकतीला ६० दिवस आहेत, आणि त्यातलं कलम १० आपल्या शिवारासाठी मोलाचं आहे. सिंचनाखालची बहुपिकी जमीन शेवटचा उपाय म्हणूनच, अपवाद म्हणून घ्यावी, आणि घेतली तर तेवढीच पडीक जमीन लागवडीखाली आणावी, असं ते सांगतं. पण उगाच आशा लावणं बरं नाही, म्हणून मर्यादाही सांगतो. रस्ते, रेल्वे, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबलचक पट्ट्याच्या प्रकल्पांना कलम १० लागू नाही. महामार्ग कायद्याच्या आणि १९६६ च्या औद्योगिक कायद्याच्या संपादनातही त्याचा आधार मिळत नाही. शिवाय कर्नाटकाने २०१९ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आहे. तरीही हरकतीत बहुपिकी जमिनीचा मुद्दा लिहाच. रस्त्याची आखणी थोडी सरकवून माळावरून नेता येते का, हे विचारायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि तो पर्याय सर्व्हे नंबरांसह मांडलेली हरकत "नको" म्हणणाऱ्या हरकतीपेक्षा पुढे जाते.

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरचं एक माणूस शेतात हवंच. विहीर, कूपनलिका, जलवाहिनी, आंबा, फणस, काजू यांची नोंद तिथेच होते. मोजणीला हजर राहिल्याने संमती दिल्यासारखं होतं, हा समज चुकीचा आहे. पंचनाम्यावर "हरकत कायम ठेवून सही" असं लिहा.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण. वाटणी नाही. एक भाऊ आपला हिस्सा एजंटला विकायला निघालाय. त्याला अडवता येतं का?

उत्तर : पूर्ण अडवता येत नाही, पण आधी तुम्हाला विचारायला लावता येतं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि मिळकत तुम्हा वर्ग १ च्या, म्हणजे मुलांसारख्या सर्वांत जवळच्या वारसांकडे आली असेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे एखादा वारस हिस्सा विकताना बाकीच्यांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बाबू राम विरुद्ध संतोख सिंग प्रकरणात सांगितलं आहे. किमतीवर जमलं नाही तर न्यायालय किंमत ठरवतं.

भावाला वकिलामार्फत नोंद टपालाने कळवा की तुम्ही घ्यायला तयार आहात. एजंट माहीत असेल तर त्यालाही प्रत द्या, म्हणजे "मला ठाऊक नव्हतं" असं त्याला म्हणता येणार नाही. पैसे खरोखर उभे करण्याची तयारी हवी, नुसती नोटीस पुरत नाही. बहिणीचा हिस्सा विसरून केलेली "तिघांची संमती" कोर्टात टिकत नाही. बहुतेक घरांत चूक इथेच होते. खरेदी झाल्यावर फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत तहसीलदारांकडे हरकत द्या, पण मालकीचा वाद तिथे सुटत नाही, दावा वेगळा लावावा लागतो. पडक्या भिंतीसारखं एका हिश्श्यापासून अख्खं शेत ढासळतं, तेव्हा भावंडांनी बसून बोलायचं ते सौद्याच्या आगाऊ रकमेआधी.

प्रश्न : शेतकरी नसलेल्याला कर्नाटकात शेतजमीन घेता येत नाही ना?

उत्तर : आता येते. भूसुधारणा कायद्यातली कलम ७९-अ आणि ७९-ब २०२० मध्ये काढून टाकली. महाराष्ट्रात खरेदीदार शेतकरी असावा लागतो, त्यामुळे सीमाभागात अजून गैरसमज आहे. पण खरेदी झाली म्हणजे वापर बदलला असं नाही. नवा मालक कोणीही असो, कलम ९५ आणि आराखडा त्यालाही लागू आहेत. सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना मंजूर केलेल्या जमिनीच्या हस्तांतराला १९७८ च्या स्वतंत्र कायद्याची बंदी आहे, तिचा सौदा सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

प्रश्न : आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावाचं गायरान एका प्रकल्पाला देण्याची चर्चा आहे. गावाचं काही चालतं का?

उत्तर : चालतं, हिशोब मांडला तर. जमीन महसूल नियमावलीच्या नियम ९७ प्रमाणे दर शंभर गुरांमागे १२ हेक्टर चराई राखायची असते. पशुवैद्यकीय खात्याकडून गावाच्या गुरांची संख्या लेखी घ्या आणि गायरानाचं क्षेत्र तिच्याशी ताडून बघा. अडीचशे गुरं असतील तर ३० हेक्टर लागतात. गायरान तेवढंच किंवा कमी असेल तर ग्रामसभेच्या ठरावात हे आकडे लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. क्षेत्र कमी करण्याचा अधिकार त्यांना आहे, पण आकडे समोर असताना कारण द्यावं लागतं. गावच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकालही ठरावासोबत जोडा. गायरानावर गावातल्याच कोणाचं अतिक्रमण असेल तर ते आधी काढायला लावा. ते तसंच ठेवून केलेल्या तक्रारीचं वजन उरत नाही.

प्रश्न : नोटीस कन्नडमध्ये येते. वडिलांना वाचता येत नाही. हरकत मराठीत दिली तर चालेल का?

उत्तर : राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रार-निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज घेणार नाही असं कोणी म्हणालं तर हा अनुच्छेद अर्जाच्या पहिल्या ओळीतच लिहा, तरीही नाकारला तर त्याच दिवशी नोंद टपालाने पाठवा आणि पावती जपा. मुदत अगदी जवळ असेल तर मात्र हट्ट बाजूला ठेवून मराठी हरकतीला कन्नड अनुवाद जोडा. भाषेचा हक्क नंतरही लढता येतो, २१ दिवस पुन्हा येत नाहीत. अनुवादात सर्व्हे नंबर आणि क्षेत्र स्वतः ताडून बघा. कन्नड आणि मराठी आकड्यांच्या घोळात ३ चा २ झाला की हरकत दुसऱ्याच शेताची होते. कागदाच्या तीन प्रती काढा, एक कार्यालयाला, एक पोच घेऊन घरी, एक वकिलाकडे. मूळ उतारा किंवा खरेदीपत्र कोणाच्याही हाती सोडू नका.